बर्फाचे तास आणि उघडे दार

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या लहान कॉलेजांमध्ये महिलांचा आइस हॉकीचा सामना पाहायला गेलेल्या माणसाला दारात सहसा कोणी अडवत नाही. काही कॉलेजांत मुलांचे आणि मुलींचे दोन्ही सामने सर्वांना खुले असतात. काही ठिकाणी मात्र त्याच इमारतीत, त्याच बाकांवर बसून मुलांचा सामना पाहायचा तर तिकीट काढावे लागते, आणि मुलींचा सामना असला की तिकीटबारी उघडतच नाही. या फरकाचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जातो. एक पक्ष म्हणतो, हा कॉलेजचा मोकळेपणा आहे. गावातल्या लोकांनी यावे, शाळकरी मुलींनी यावे, म्हणून दार उघडे ठेवले आहे. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याला किंमत नाही त्याला तिकीट नाही. फुकट प्रवेश ही महिलांच्या खेळाला कॉलेजने दिलेली खरी पावती आहे. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात, कारण दोन्ही पक्ष दारापाशीच थांबतात. या खेळाचे मोल दारात कधी ठरलेच नाही. ते ठरले दोन गोष्टींत: आठवड्यातले बर्फाचे किती तास कोणाला, आणि प्रेक्षकांच्या बाकांखालची खोली कोणाची. गेल्या साठ वर्षांत महिलांच्या कॉलेज हॉकीने जे मिळवले ते या दोन गोष्टींसाठी भांडून मिळवले. तिकिटाचा प्रश्न वेळोवेळी पुढे आला तो बहुधा त्यांना ते तास नाकारण्यासाठी.

हे समजायचे तर बर्फ टिकतो कसा ते आधी पाहावे लागते. तिकडची प्रमाणभूत रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते, त्यातून गोठणबिंदूच्या बरेच खाली थंड केलेले खारे पाणी किंवा तसलाच दुसरा द्रव फिरत राहतो, आणि वर जेमतेम इंच-दीड इंचाचा बर्फाचा थर धरलेला असतो. कॉम्प्रेसर हंगामभर चालू ठेवावे लागतात. हवेतला दमटपणा काढणारी यंत्रे बंद पडली तर छतावरून थेंब गळून बर्फावर टेंगळे येतात. सामन्याला वीस माणसे आली काय किंवा हजार आली काय, विजेच्या बिलात फारसा फरक पडत नाही. डेहराडूनला २०११ साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधलेली रिंक नंतर बरीच वर्षे बंद पडून राहिली, त्यावरून भारतीय वाचकाला अंदाज येईल की भिंती आणि छप्पर उभे करणे हा या खर्चाचा केवळ आरंभ असतो. म्हणून रिंक चालवणारा माणूस खर्चाचा विचार प्रेक्षकांच्या संख्येत करत नाही, तासांत करतो. थंडीच्या दिवसांत वर्ग सुटल्यापासून रात्री दहापर्यंत सहा-सात तास मिळतात. त्यांवर मुलांचा संघ, मुलींचा संघ, फिगर स्केटिंग करणारे, गावातल्या लहान मुलांचे संघ आणि कॉलेजातले हौशी विद्यार्थी असे सगळे हक्क सांगतात. पूर्वी बर्फ खरवडून, पाणी शिंपडून पुन्हा गुळगुळीत करायला चार-पाच माणसांचा तासाहून जास्त वेळ जाई. कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावी स्वतःची रिंक चालवणाऱ्या फ्रँक झँबोनी यांनी १९४९ साली त्यासाठी गाडी बनवली आणि तेच काम दहा-पंधरा मिनिटांवर आले. दिवसाच्या हाती आणखी तास लागले. ते कोणाच्या वाट्याला गेले, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

उत्तर इमारतींच्या सनावळीतच सापडते. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजची सेज रिंक १९२१ सालची. अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या बंदिस्त कॉलेज रिंकांपैकी ती एक. तेव्हा छपराखालचा बर्फसुद्धा बाहेरच्या थंडीवरच धरे. यंत्राने बर्फ धरणाऱ्या रिंका लहान कॉलेजांत आल्या त्या मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतर. मेन राज्यात बोडनची डेटन अरीना १९५६ ची, न्यूयॉर्कमध्ये कोलगेटची स्टार रिंक १९५९ ची. या तारखांशेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहा. कोलगेटमध्ये मुलींना प्रवेश मिळाला १९७० साली, बोडनमध्ये १९७१ साली, आणि हॅमिल्टन कॉलेज शेजारच्या कर्कलंड या मुलींच्या कॉलेजशी एक झाले १९७८ साली. म्हणजे या इमारतींचे नकाशे काढले गेले तेव्हा त्या आवारात विद्यार्थिनी नव्हत्याच. यजमान संघासाठी एक कपडे बदलायची खोली, पाहुण्यांसाठी एक, पंचांसाठी एक लहानशी, असा तो हिशेब होता. त्यात कोणाचा आकस नव्हता, पण परिणाम मात्र पक्का होता. पुढे मुली आल्या, त्यांनी स्केट बांधले, आणि त्यांना आढळले की यजमानांची खोली आधीच भरलेली आहे. मग पाहुण्यांच्या खोलीत कपडे बदला, सामान रोज घरी न्या, ओले मोजे वसतिगृहात वाळवा. हॉकीचे सामान काय असते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही लहान गैरसोय वाटणार नाही: खांद्यापासून घोट्यापर्यंतची कवचे, हेल्मेट, हातमोजे, स्केट, काठ्या. ते वाळायला जागा लागते आणि कुलूप लागते. स्वतःची खोली असलेला संघ सरावाच्या पंधरा मिनिटे आधी येऊन बर्फावर उतरतो. खोली नसलेला संघ ओझी वाहण्यात दिवसाचा तास घालवतो.

एक अपवाद येईल म्हणून आधीच सांगतो. मेनमधलेच कोल्बी कॉलेज १८७१ पासून मुलींना प्रवेश देत होते, आणि त्याची रिंक १९५५ ची. तिथेही रिंक बांधताना मुली खेळतील असे कोणी गृहीत धरले नव्हते. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुलींच्या संघाला अधिकृत दर्जा देणाऱ्या पहिल्या कॉलेजांत कोल्बी होते. दगड-विटांची अडचण खरी असली तरी ती अढळ नव्हती. मन असेल तिथे वेळापत्रक बदलता येत होते.

सुरुवात मात्र त्याआधीची आहे आणि ती विद्यार्थिनींनी केली. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात ब्राउन विद्यापीठाशी जोडलेले पेम्ब्रोक हे मुलींचे कॉलेज होते. १९६४ च्या सुमारास तिथे जो संघ उभा राहिला तो अमेरिकेतला महिलांचा पहिला कॉलेज संघ मानला जातो; त्याचे नाव पेम्ब्रोक पँडाज. नॅन्सी शिफेलिन ही पेम्ब्रोकची विद्यार्थिनी मुलांच्या सरावात पूर्ण पोशाख घालून, ओळखू न येता उतरली होती, ही हकीकत ब्राउनच्या इतिहासात नोंदलेली आहे. ती गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते: मुलीला चांगल्या वेळेचा बर्फ हवा असेल तर तो मुलांच्याच सरावात होता. तिच्या नावाचा तास वेळापत्रकात नव्हता. त्या काळी प्रेक्षकाकडून पैसे घ्यावेत की नाहीत हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसेल. खेळाडूच पदरमोड करून खेळत होत्या.

तिकीट वादात आले ते कायद्यामुळे. १९७२ च्या शिक्षण कायद्यातले नववे प्रकरण, ज्याला सगळे टायटल नाइन म्हणतात, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेदाला मनाई करते. त्याच्या मूळ मजकुरात खेळाचा उल्लेख नाही. पण त्याचा अर्थ मैदानापर्यंत पोहोचणार हे दिसताच मोठ्या विद्यापीठांची धावपळ सुरू झाली. १९७४ साली टेक्ससचे सिनेटर जॉन टॉवर यांनी दुरुस्ती सुचवली की जे खेळ उत्पन्न मिळवून देतात त्यांना या कायद्यातून वगळावे. म्हणजे ज्याच्या दारात तिकीट विकले जाते त्याला समानतेचा नियम लागू नये. दुरुस्ती टिकली नाही. तिच्या जागी न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांची दुरुस्ती आली: नियम करताना प्रत्येक खेळाचे स्वरूप लक्षात घ्यावे. १९७५ साली नियम झाले आणि समान संधी तपासताना काय काय पाहायचे याची यादी त्यांत आली: साहित्य, सामने आणि सराव यांच्या वेळा, प्रवास आणि भत्ता, प्रशिक्षक, कपडे बदलण्याच्या खोल्या, सरावाच्या आणि सामन्यांच्या जागा, वैद्यकीय सोयी, प्रसिद्धी. ही यादी मी मुद्दाम सविस्तर दिली, कारण तिच्यात गल्ला नाही. पन्नास वर्षांपूर्वीच कायद्याने सांगून ठेवले होते की मोजायचे असेल तर तास मोजा, खोल्या मोजा. दारात किती जमा झाले त्यावरून विद्यार्थिनीचा हक्क ठरत नाही.

तरी लहान कॉलेजांत ही यादी लगेच उतरली नाही. १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या ग्रोव्ह सिटी या लहानशा कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या विभागाला सरकारी पैसा मिळतो तेवढ्यालाच टायटल नाइन लागू. खेळ विभागांना थेट सरकारी पैसा क्वचितच मिळे, त्यामुळे ते जवळजवळ मोकळे सुटले. १९८८ साली अमेरिकन संसदेने नवा कायदा करून, राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून, संपूर्ण संस्था पुन्हा कक्षेत आणली. मधली चार वर्षे वाया गेली.

आता कोलगेटकडे येतो, कारण माझ्या सगळ्या म्हणण्याचा कस तिथे लागतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यात वसलेले हे विद्यापीठ नावाला विद्यापीठ. विद्यार्थी तीन हजारांच्या आसपास. खेळात मात्र ते सर्वोच्च गटात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये खेळते, आणि मुलांची हॉकी हा त्या गावाचा हिवाळ्यातला सण आहे. मुलींचा संघ सत्तरच्या दशकापासून होता, पण क्लब म्हणून. क्लब म्हणजे विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून चालवलेली हौस. अधिकृत संघाला, ज्याला तिकडे व्हार्सिटी म्हणतात, कॉलेज प्रशिक्षक, साहित्य, प्रवास सगळे देते. मुलींनी १९७९, १९८३, १९८६ आणि १९८८ अशा चार वेळा अधिकृत दर्जा मागितला आणि चारही वेळा नकार आला. १९९० च्या वसंतात कोलगेटच्या मुलांचा संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत जाऊन विस्कॉन्सिनकडून हरला. त्याच वर्षी मुलींच्या क्लबमधल्या खेळाडू न्यायालयात गेल्या. १९९०-९१ साली मुलांच्या हॉकीवर सुमारे २ लाख ३८ हजार डॉलर खर्च होत होते आणि मुलींच्या क्लबला सुमारे ४,६०० डॉलर मिळत होते.

विद्यापीठाचा बचाव नीट वाचण्यासारखा आहे. शाळांत मुलींची हॉकी फारशी खेळली जात नाही. राष्ट्रीय संघटना तिची अजिंक्यपद स्पर्धा भरवत नाही. पूर्वेकडच्या जेमतेम पंधरा कॉलेजांत हा खेळ आहे. खेळ खर्चिक आहे. विद्यार्थ्यांत त्याची आवड नाही. खेळाडूंत कौशल्य नाही. या सहा मुद्द्यांतले पहिले तीन त्या घडीला खरे होते, चौथाही खरा होता. पण ते सगळे एकाच वर्तुळात फिरतात. शाळांत मुली खेळत नव्हत्या, कारण गावातल्या रिंकेवर त्यांना तास नव्हते. कॉलेजे पंधराच होती, कारण बाकीची हेच कारण देऊन थांबली होती. अजिंक्यपद नव्हते, कारण कॉलेजे पुरेशी नव्हती. न्यायालयाने हे वर्तुळ मान्य केले नाही. १९९२ च्या निकालात दोन्ही संघांचे साहित्य, कपडे बदलायच्या खोल्या, प्रवास, सरावाच्या वेळा आणि प्रशिक्षण शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि मुलींच्या बाजूने कौल दिला: १९९३-९४ पासून अधिकृत दर्जा द्या. विद्यापीठ अपिलात गेले. तोवर फिर्यादी मुलींपैकी बहुतेक पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या आणि उरलेल्यांचेही शेवटचे वर्ष संपले होते. त्यांना आता या आदेशाचा उपयोग नाही, असे म्हणून १९९३ साली अपील न्यायालयाने तो रद्द केला. जिंकलेला खटला चार वर्षांच्या अभ्यासक्रमाने हरवला. पुढच्या पिढीने नवा दावा लावला आणि १९९७ साली तडजोड होऊन मुलींचा संघ अधिकृत झाला. पहिल्या मागणीपासून अठरा वर्षे गेली. त्या अठरा वर्षांत स्टार रिंकेचा बर्फ तितकाच जाड होता आणि त्याची वीज तितकीच जळत होती.

इथे सर्वांत भक्कम आक्षेप येतो. मुलांच्या सामन्यांना गर्दी होते, लोक पैसे देऊन येतात, त्या पैशावर रिंक चालते. मग उत्तम वेळा आणि मोठी खोली त्यांना मिळाली तर अन्याय कसला? मोठ्या विद्यापीठांपुरते, हजारो आसनांच्या अरीनांपुरते, या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण आपला विषय लहान कॉलेजांचा आहे, आणि त्यांतली बहुतेक डिव्हिजन थ्रीमध्ये आहेत. या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. खेळ हा शिक्षणाचा भाग मानून कॉलेजच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकातून चालतो. तिथे मुलांच्या सामन्याचा गल्ला दारावरच्या माणसांची मजुरी काढील, कॉम्प्रेसरचे बिल काढणार नाही. रिंका बांधल्या त्या मुख्यतः देणग्यांनी. आणि एक उदाहरण असे आहे की ते या आक्षेपाचे मूळच तोडते. मिनेसोटात सेंट बेनेडिक्ट आणि सेंट कॅथरिन या मुलींच्या उच्चशिक्षण संस्था आहेत. त्यांच्याकडे मुलांचा संघ नाही, मुलांचा गल्ला नाही. पहिली सेंट क्लाउड शहराच्या नगरपालिकेच्या रिंकेवर खेळते, दुसरी सेंट पॉलमधल्या एका शाळेच्या ड्रेक अरीनात. दोघींनाही बर्फ दुसऱ्याच्या छपराखाली शोधावा लागतो आणि तरी संघ चालतो. मुलांच्या तिकिटावर मुलींचा बर्फ उभा असतो हे खरे असते तर हे संघ अस्तित्वातच नसते.

मिनेसोटाची हकीकत आणखी एका कारणासाठी सांगायला हवी. १९९४ साली त्या राज्याने शालेय मुलींच्या हॉकीला अधिकृत मान्यता दिली, असे करणारे ते पहिले राज्य. मिनिॲपोलिसच्या ऑग्सबर्ग या लहान कॉलेजने १९९५ साली मुलींचा अधिकृत संघ काढला. मध्यपश्चिमेतला तो पहिला. एकाएकी शेकडो मुली स्केट बांधून उभ्या राहिल्या आणि गावोगावच्या रिंकांचे वेळापत्रक फुटायची वेळ आली. पहाटे पाचला सराव, रात्री अकराला सराव. राज्याने यावर समानतेचे भाषण केले नाही, १९९५ साली नव्या रिंका बांधायला आणि जुन्या वाढवायला अनुदान सुरू केले. मायटी डक्स या चित्रपटाचे नाव त्या योजनेला मिळाले. दुखणे ओळखून त्याच जागी औषध लावणे याला म्हणतात. दुसरा बर्फ आला की भांडणाचे निम्मे कारण संपते, कारण मुलांचे तास काढून घेतले अशी तक्रार उरत नाही. १९९८ साली नागानोला महिलांची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा खेळली गेली आणि अमेरिकेने कॅनडाला ३-१ असे हरवून सुवर्णपदक घेतले, तेव्हा या खेळाकडे देशाचे लक्ष गेले. राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, २००१ साली महिलांचे पहिले अजिंक्यपद भरवले आणि २००२ साली लहान कॉलेजांसाठी डिव्हिजन थ्रीचे स्वतंत्र. ते पहिले विजेतेपद न्यूयॉर्कच्या एल्मायरा कॉलेजने घेतले. कोलगेटच्या बचावातला दुसरा मुद्दा निकालानंतर दहा वर्षांत निकामी झाला.

आता तिकिटाकडे परत येऊ. कित्येक जाणकार, त्यांत माजी खेळाडूही, म्हणतात की मुलींच्या सामन्यालाही तिकीट लावाच. रक्कम थोडी असो, पण पैसे मोजून आलेला माणूस सामना वेगळ्या नजरेने पाहतो, आणि खेळाडूलाही कळते की आपल्या श्रमाची दखल घेतली गेली. ही भावना मी समजू शकतो. एकाच इमारतीत एकाला दर आणि दुसऱ्याला शून्य ही गोष्ट विद्यार्थिनीला बोचत असेल तर ती बोच खरी आहे. दोन्ही संघांना एकच नियम, तिकीट तर दोघांना आणि मोकळे तर दोघांना, हाच मला न्याय्य मार्ग दिसतो. पण तिकिटाने प्रतिष्ठा येते हे मात्र पटत नाही. इतिहासात क्रम उलटा दिसतो. महिलांचे सामने लोक नियमाने तिकीट काढून पाहू लागले ते प्रामुख्याने जिथे त्यांना स्वतःचे घर मिळाले तिथे: मिनेसोटा विद्यापीठाने २००२ साली खास महिला हॉकीसाठी रिडर अरीना बांधली, विस्कॉन्सिनने २०१२ साली महिला संघासाठी लाबान अरीना उघडली. आधी जागा, ठरलेली वेळ आणि प्रसिद्धी, मागाहून तिकीट. या मोठ्या विद्यापीठांची ऐपत लहान कॉलेजांत नाही, पण क्रम त्यांनाही लागू आहे. शिवाय डिव्हिजन थ्रीमध्ये दरवर्षी मार्च महिन्यात एक गोष्ट घडते. अजिंक्यपदाचे सामने सहसा पात्र ठरलेल्या एखाद्या कॉलेजच्याच रिंकेवर होतात. जानेवारीत ज्या दारातून लोक मोकळे आत गेले त्याच दारात आता तिकीट असते, कारण सामन्याची मालकी कॉलेजकडून एनसीएएकडे गेलेली असते. खेळाडू त्याच, बर्फ तोच, बाक तेच. तिकीट सामन्याचा मालक कोण ते सांगते. खेळाच्या दर्जाविषयी ते काही सांगत नाही.

उलट बाजूने, प्रवेश मोकळा ठेवला की गर्दी होते या समजालाही आधार नाही. लोक येतात ते वेळेवर. शुक्रवारी संध्याकाळी सातचा सामना गावाच्या सवयीत बसतो. आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी चारचा सामना फक्त पालक आणि खोलीतल्या मैत्रिणी पाहतात. मुलांचा सामना घरी असताना मुलींना दुसऱ्या गावी पाठवायचे आणि उलट, अशी आखणी बऱ्याच ठिकाणी असते. एका बर्फावर दोन संघ बसवायचे तर ती शहाणपणाची आहे, पण शुक्रवारची संध्याकाळ वर्षभरात कोणाच्या वाट्याला किती वेळा आली हे मोजल्याशिवाय ती न्याय्य आहे की नाही सांगता येत नाही. मग बाकांची गोष्ट. जुन्या रिंकांत प्रेक्षकांच्या बाजूला उष्णता नसते. लाकडी नाहीतर ॲल्युमिनियमच्या फळीवर दोन-अडीच तास बसायचे, स्वच्छतागृहे अपुरी, गरम कॉफीची खिडकी मुलांच्या सामन्यालाच उघडी. आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला तिकिटाचे पाच-सात डॉलर अडवत नाहीत, ही थंडी अडवते. सामन्याला कोणी येत नाही असे म्हणणाऱ्यांनी आधी तिथे कोण किती वेळ बसू शकते ते पाहावे.

नव्या रिंका ही तुलना सोपी करतात. मिडलबरी कॉलेजची केन्यन अरीना १९९९ ची, बोडनची वॉटसन अरीना २००९ ची, कोलगेटची क्लास ऑफ १९६५ अरीना २०१६ ची. या तिन्ही बांधल्या गेल्या त्या दोन्ही संघ आवारात असताना, आणि नकाशा पहिल्या रेघेपासून दोघांचा विचार करून काढावा लागला. मिडलबरीच्या मुलींनी २००४, २००५ आणि २००६ अशी सलग तीन अजिंक्यपदे घेतली. चांगल्या इमारतीने अजिंक्यपद मिळते असा दावा मी करत नाही. चांगले प्रशिक्षक आणि चांगल्या खेळाडू नसत्या तर इमारत रिकामीच राहिली असती. पण पहाटेच्या उरलेल्या तासांत सराव करणाऱ्या संघाकडे तसे प्रशिक्षक आणि खेळाडू फार काळ टिकत नाहीत, हेही तितकेच खरे. कोलगेटच्या मुली नव्या रिंकेत गेल्यावर दुसऱ्याच हंगामात, २०१८ साली, राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोहोचल्या आणि क्लार्कसनकडून जादा वेळेत २-१ असे हरल्या. सामना झाला रिडर अरीनात. ज्या विद्यापीठाने एकेकाळी न्यायालयात सांगितले होते की मुलींत कौशल्य नाही, त्याच विद्यापीठाने त्या दिवशी त्यांचा अभिमान मिरवला, आणि तो योग्यच होता.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे आणि तो आज सर्वांत जड आहे. लहान कॉलेजांची विद्यार्थिसंख्या घटते आहे. काही बंद पडली. मिशिगनमधले फिनलंडिया विद्यापीठ २०२३ साली बंद झाले आणि त्याच्याबरोबर त्याचा महिलांचा हॉकी संघही गेला. दुसरीकडे जुन्या रिंकांच्या शीतयंत्रांत वर्षानुवर्षे आर-२२ हा वायू वापरला जाई. ओझोनच्या थरासाठी २०२० पासून अमेरिकेत त्याचे उत्पादन आणि आयात थांबली. साठ-सत्तर वर्षांच्या इमारतीत नवे यंत्र बसवायचे की रिंकच बंद करून गावाच्या रिंकेवर तास भाड्याने घ्यायचे, हा निर्णय पुष्कळ कॉलेजांच्या विश्वस्तांपुढे येतो आहे. भाड्याचे तास नेहमीच कमी असतात आणि महाग असतात. कमी तास वाटायची वेळ आली की मुलांच्या सामन्याला तिकीट विकले जाते आणि मुलींच्या नाही, हे जुने कारण बैठकीत पुन्हा टेबलावर येईल. तेव्हा विश्वस्तांनी गल्ल्याचा कागद बाजूला ठेवून १९७५ च्या नियमांतली यादी पुढ्यात घ्यावी आणि दोन्ही संघांच्या सरावाच्या वेळा, शुक्रवारच्या संध्याकाळी आणि खोलीच्या किल्ल्या एकामागून एक तपासाव्यात. हे काम एका दुपारचे आहे, आणि ते भाडेकरारावर सही होण्याआधी व्हायला हवे.